मिळालेल्या नमुन्यापुरता

माझ्या धाकट्या भावाला अख्खी गिरणी ‘नमुना’ म्हणते. त्याला वाटतं, हुद्द्यामुळे म्हणतात. कापडाचे नमुने तपासतो, म्हणून नमुना. मी त्याच गिरणीच्या कँटीनमध्ये चहा करते, त्यामुळे लोक ते कुठल्या सुरात म्हणतात हे मला रोज ऐकू येतं. ‘आला बघ नमुना!’ असं म्हणायचं आणि कपात तोंड खुपसून हसायचं. हा आपला चष्मा सारखा करतो, मान डोलावतो आणि ऐटीत बसतो. बहीण म्हणून मला वाईट वाटायला हवं. पण खोटं कशाला बोलू? नमुनाच आहे तो, आणि लहानपणापासून आहे.

त्याची लॅब म्हणजे गिरणीतली सगळ्यात लाडावलेली खोली. मागावरची माणसं घामानं निथळतात, माझ्या कँटीनचा पंखा नुसता कुरकुरतो, आणि तिथे मात्र बारा महिने एकसारखा गारवा. हवेतला ओलावासुद्धा मोजून मापून. का, तर तपासायच्या आधी कापडाच्या तुकड्याला त्या हवेत रात्रभर आराम करावा लागतो, तरच निकाल खरा येतो. इथे माणसाला ताप आला तरी सुट्टी मिळत नाही, आणि चिंधी झोपा काढते! आत शिरायला दोन दारं. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मी चहा घेऊन गेले की हा मान वर न करता म्हणतो, “ताई, दार. हवा बिघडते.” कधी ‘ये’ नाही, ‘बस’ नाही. सख्ख्या बहिणीपेक्षा ह्याला हवा प्यारी.

ह्याचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट सांगते, म्हणजे माणूस कळेल. मुलीकडच्यांच्या बैठकीत सगळे जमले होते. मुलीचे वडील ठेवणीतला कोट घालून बसलेले आणि दर दोन वाक्यांनी ‘शुद्ध लोकर आहे, परदेशातून आणलाय’ असं सांगत होते. आमच्या बंधुराजांनी काय करावं? कोटाच्या आतल्या शिवणीतून लोंबणारा धागा हळूच ओढला, खिशातून काडेपेटी काढली आणि सगळ्यांच्या देखत धागा पेटवून नाकाशी धरला. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो म्हणे. इथे काळा धूर निघाला आणि धाग्याच्या टोकाला टणक मणी झाला. हा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “मुलगी पसंत आहे. कोट मात्र पॉलिएस्टर आहे.” मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लग्न झालं ते केवळ मुलगी हसली म्हणून. ती बिचारी अजून त्याची किंमत मोजते आहे.

कारण घरीही तेच. कापडावर गोळे किती येतात ते बघून हे लोक एक ते पाचात श्रेणी देतात. एक म्हणजे टाकाऊ, पाच म्हणजे नवं कोरं. मधलं काही असलं तर ‘तीन-चार’ म्हणायची पद्धत. भावजयीनं ताट वाढलं की हा पहिला घास चावतो, छताकडे बघतो आणि म्हणतो, “भाजी तीन-चार.” इतक्या वर्षांत पाच कधी दिले नाहीत. एकदा ती नटूनथटून समोर उभी राहिली आणि म्हणाली, कशी दिसते मी? तर म्हणे, “ह्या दिव्याखाली ठीक. दुसऱ्या दिव्याखाली सांगता येणार नाही.” कापडाचा रंग हे लोक वेगवेगळ्या दिव्यांखाली तपासतात ना, तसं. त्या रात्री त्याला जेवण मिळालं नाही, आणि बरंच झालं.

तर असा हा काटेकोर माणूस, नाकावर माशी बसू न देणारा. पण एक गंमत होती, आणि ती त्याला सोडून सगळ्या गिरणीला ठाऊक होती. हा लॅबबाहेर पाऊल टाकत नसे. नमुना त्याच्याकडे येई तो मॅनेजरच्या केबिनमधून, घडी घालून, इस्त्री करून. मॅनेजरचा शिपाई दोन्ही हातांवर तो तुकडा असा आणायचा, जणू नवजात बाळ आहे. हा त्यावर तांबड्या पेन्सिलीनं बाण काढायचा. ताणा म्हणजे कापडाचा उभा धागा. तो कुठल्या दिशेला आहे हे कळावं म्हणून बाण. मग पट्ट्या कापायचा, ताणायचा, घासायचा, धुवायचा, जाळायचा, आणि उरलेलं कापड परत पाठवायचा. रिपोर्ट इतका नेटका की चौकट करून भिंतीला लावावा. आणि प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी एक ओळ ठरलेली: ‘निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता.’

मी एकदा विचारलं होतं, “अरे, गोदामात अख्ख्या लॉटचा जो ढीग पडलाय तो असाच आहे कशावरून?”

“तो माझा प्रश्न नाही, ताई. माझ्या टेबलावर जे आलं त्याचं उत्तर मी दिलं.”

“गोदाम अंगणापलीकडे तर आहे. जाऊन बघून ये की.”

“रीत तशी नाही,” तो म्हणाला. “आणि तिथली हवा बघ कशी असते.”

झालं. हवा आडवी आली. मीही नाद सोडला, कारण तेव्हा ते कापड कुणाच्या अंगावर जातं ह्याच्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं.

मग माझा मुलगा ओतकारखान्यात लागला, भट्टीवर. तिथे वितळलेलं लोखंड साच्यात ओततात आणि ठिणग्या अंगावर उडतात. म्हणून प्रत्येकाला जाड सुती कोट देतात. त्याचं कापड अशा रसायनातून काढलेलं असतं की ठिणगी पडली तरी पेटू नये. आणि ते कापड कुणाचं? आमच्याच गिरणीचं. तपासलेलं कुणी? मामांनी! मी सगळ्या कँटीनला सांगत सुटले. एरवी ज्याची टवाळी करायची त्याच भावाचा मला एकाएकी पुळका आला. मुलगा पहिल्या दिवशी कोट घालून निघाला तेव्हा मी म्हटलं, “काळजी नाही रे, मामाच्या सहीचा कोट आहे.” आई झाली की अक्कल अशी गहाण पडते.

थोड्याच दिवसांत तो दुपारीच घरी आला, मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी बांधून. ठिणगी बाहीवर पडली आणि बाही पेटली. नुसती काळी पडायला हवी होती, ती चक्क भडकली. शेजारी उभ्या असलेल्या जोडीदारानं हातमोजे काढलेले होते, तरी त्यानं नुसत्या हातांनी थापा मारून ती विझवली म्हणून भाजणं हातावरच निभावलं. मुलगा म्हणत होता, “आई, काही नाही गं, थोडंसंच आहे.” माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तो जळका कोट उचलला आणि तडक लॅबमध्ये गेले. दोन्ही दारं सताड उघडी टाकली, मुद्दाम.

“ताई, दार...”

“खड्ड्यात गेली तुझी हवा! हे बघ. तुझ्या भाच्याचा हात जळलाय.”

त्यानं कोट हातात घेतला. मला वाटलं, आता विचारेल, कसा आहे तो? किती भाजलं? त्यानं विचारलं, “धुतला होता का? किती वेळा? साबण कुठला?”

मग म्हणाला, “आज जाळता यायचा नाही. आधी कंडिशनिंग.” आणि माझ्या लेकराचा जळका कोट त्यानं जाळीवर आडवा पसरून आरामाला ठेवला. पोराला झोप नव्हती, कोट मात्र गारव्यात पहुडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाठीच्या भागातून पट्टी कापली, काचेच्या उभ्या पेटीत टांगली आणि खालून बारीकशी ज्योत लावली. चांगलं कापड असलं तर ज्योत काढली की विझतं. ही पट्टी ज्योत काढल्यावरही वरपर्यंत पेटत गेली आणि पेटीत राखेशिवाय काही उरलं नाही. मी काचेला नाक लावून उभी होते. मनात म्हटलं, आता तरी हा हलेल. त्यानं शांतपणे लिहिलं: नापास. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! स्वतः पास केलेल्या मालाला नापास लिहायला छाती लागते. आणि मग त्याच ऐटीत, त्याच सुबक अक्षरात, तळाशी लिहिलं: निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता.

मॅनेजरला तर हेच हवं होतं. तो स्वतः माझ्या काउंटरपाशी आला, चहा घेतला, साखर जास्त झाली तरी तक्रार केली नाही. म्हणाला, “बाई, रिपोर्ट वाचला. त्या एकाच कोटात दोष निघाला. तुमच्या मुलाला उद्याच नवा कोट देतो. उत्तम कापडाचा. माझ्या खास देखरेखीखाली शिवून घेतो.”

“आणि बाकीच्यांचे कोट?”

“त्यांचे नमुने कुठे आलेत आपल्याकडे?” असं म्हणून त्यानं कप खाली ठेवला आणि हात वर केले.

नवा कोट आला. काय सांगू, घट्ट, जड, देखणा! मुलाचा हात बरा होत आला, तो पुन्हा भट्टीवर गेला. त्याच्यावर ठिणग्या पडायच्या आणि विझायच्या. बाकीचे विचारायचे, ‘तुला कुठून मिळाला रे असला कोट?’ ह्याला सांगायची लाज वाटायची. ज्यानं त्याची बाही विझवली तो जोडीदारही विचारायचा, थट्टेनं का होईना. मुलगा मला म्हणायचा, “मामाला सांग ना काहीतरी.” मी म्हणायचे, सांगते. सांगून झालंही, दोनदा. दोन्ही वेळा उत्तर एकच, नमुना आला तर तपासेन.

नमुना आला नाही. एके दिवशी त्या जोडीदाराचाच कोट पेटला. पाठीकडून पेटला, त्यामुळे त्याला कळायला वेळ लागला. पाठ, मान आणि दोन्ही हात. मुलगा त्याला इस्पितळात पोचवून घरी आला, कोट काढला आणि माझ्या अंगावर फेकला. आजवर आवाज चढवून बोलला नव्हता पोरगा. “घे तुझ्या भावाचा पास! मी हा घालणार नाही. त्याचे हात मी आज पाहिलेत. त्याच हातांनी मला वाचवलं होतं.” आणि तिथेच उंबऱ्यात बसून रडायला लागला. मीही रडले. रडून झाल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली, ती आणि तो नवा कोट घेऊनच मी निघाले.

लॅबमध्ये गेले तेव्हा हा धाग्याचा पीळ मोजत होता. मी ओरडले नाही. ओरडून काय होतं ते पाहिलं होतं. कोण भाजलं, किती भाजलं, सगळं सांगितलं. तो म्हणाला, “वाईट झालं.” खरंच वाईट वाटलं असावं, पण बोट पिळावरून हललं नाही. तेव्हा मला सुचलं. माझा भाऊ आहे, त्याची कळ कुठे दाबायची हे मला नाही कळणार तर कुणाला?

“बरोबर आहे तुझं,” मी म्हटलं. “तुझा काही संबंध नाही. फक्त एवढंच सांग, एकाच लॉटमधला एक कोट पेटतो आणि दुसरा पेटत नाही, हे कसं?”

बोट थांबलं. “एकाच लॉटमधला?”

“एकाच.”

“शक्य नाही. एवढी तफावत एका लॉटमध्ये बसतच नाही.” माणसं होरपळली ते ह्याला टोचलं नव्हतं, तफावत टोचली! त्यानं नवा कोट माझ्या हातातून ओढून घेतला, बोटांनी चाचपला, उलटा केला. खिसा बाहेर काढला. आणि तसाच उभा राहिला.

खिशाच्या आतल्या बाजूला, शिवणीपाशी, तांबड्या पेन्सिलीचा बाण होता.

“हा माझा बाण आहे,” तो म्हणाला. मग कापड उजेडात धरून, “हा तर नमुना आहे, ताई. ह्यांनी माझ्या नमुन्याचा कोट शिवलाय.”

“मग? तुझ्या भाच्याला तुझा नमुना मिळाला. बाकीच्यांना माल मिळाला.”

त्यानं कोट खाली ठेवला, कात्री घेतली, पट्टीच्या मापाचा पत्रा घेतला, तांबडी पेन्सिल कानावर अडकवली आणि दोन्ही दारं उघडी टाकून बाहेर पडला. मी मागोमाग. अंगणात येऊन हा थांबला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. दारावरच्या रखवालदाराला विचारलं, “गोदाम कुठे?” एवढी वर्षं ज्या मालावर सही केली, तो राहतो कुठे हे माझ्या भावाला माहीत नव्हतं. रखवालदाराला वाटलं चेष्टा करतोय. त्यानं नुसतं बोट दाखवलं, कारण गोदाम समोरच होतं.

ओतकारखान्यासाठी निघायच्या तयारीत असलेले कापडाचे सगळे गठ्ठे तिथे रचून ठेवले होते. नमुना कधी टोकाचा घ्यायचा नाही आणि काठाजवळचा घ्यायचा नाही, ही त्याची रीत. ती त्यानं इथेही सोडली नाही. एकेक गठ्ठा जमिनीवर लोळवून उलगडायचा, चांगला आतपर्यंत, मग अगदी मधोमध पत्रा ठेवायचा, बाण काढायचा आणि कापायचं. कापडाच्या ऐन पोटात खिडकी! गोदामवाला आधी हसला, मग घाबरला, मग मॅनेजरकडे धावला. मी गठ्ठे लोळवायला हात लावला. धाप लागली, पण असं सुख मला कँटीनमध्ये कधी मिळालं नव्हतं.

मॅनेजर धावतच आला. “अहो, हे काय चालवलंय तुम्ही? सगळा माल खराब केलात! हा आता पाठवायचा कसा?”

हा गुडघ्यांवर बसलेला, केसांत कापसाची धूळ. मान वर न करता म्हणाला, “शटर खाली घ्या. हवा बिघडते.”

त्याही परिस्थितीत मला हसू आवरेना. मॅनेजर किंचाळत राहिला आणि हा पुढच्या गठ्ठ्याकडे सरकला. त्यानं एकही सोडला नाही. सगळ्या पट्ट्या काखोटीला मारून लॅबमध्ये नेल्या आणि, काय सांगायचं, रात्रभर आरामाला ठेवल्या. मी म्हटलं, मेल्या, आता तरी घाई कर, उद्या तुला आत सोडणार नाहीत! तर म्हणे, निकाल खरा यायला हवा. लॅबला आतून कडी घालून तो तिथेच खुर्चीत बसून राहिला. सकाळी एकेक पट्टी जाळली. सगळ्या वरपर्यंत पेटत गेल्या. रिपोर्टची एक प्रत मॅनेजरच्या टेबलावर ठेवली, आणि दुसरी स्वतः चालत जाऊन ओतकारखान्यात दिली. मालात एवढ्या खिडक्या असताना मॅनेजर कुणाला काय समजावणार? ओतकारखान्यानं वाटलेले कोटही परत धाडले, आणि नवे दुसरीकडून आले.

गिरणीनं ह्याला घरी बसवलं. कारण काय दिलं? मालाची नासधूस. खोटं कापड विणणारे जागच्या जागी आहेत, मॅनेजर तर माझ्याच कँटीनमध्ये चहा पितो. मी त्याला कालचा उकळून देते. लॅबमध्ये आता दुसरा कुणी येऊन बसलाय. त्याच्याकडेही तुकडे इस्त्री करूनच जातात.

परवा भाऊ माझ्याकडे आला होता. त्या सकाळी माझ्या मुलाचा जोडीदार इस्पितळातून घरी आला होता आणि दोघं मिळून त्याला बघून आले होते. मग मुलगा आत गेला आणि हा खुर्चीत बसून स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला.

“काय झालं रे?” मी विचारलं.

“त्याला पेला धरता येत नाही, ताई,” तो म्हणाला. “बोटं मिटत नाहीत.” आणि मग, “माझं चुकलं.”

मी वाट बघितली. त्याच्या प्रत्येक वाक्याला जे शेपूट असतं ते आता येईल, ह्या नमुन्यापुरतं, ह्या दिव्याखाली, असं काहीतरी. मी तयारीतच होते, आलं असतं तर लाटणं हातात होतं.

“सगळ्या लॉटचं,” तो म्हणाला.

मला भरून आलं. ते त्याला दिसू नये म्हणून मी चहा टाकायला उठले. घोट घेऊन त्यानं छताकडे बघितलं, पण श्रेणी काही दिली नाही.